रोज संध्याकाळी एक फोन

गाझातल्या होली फॅमिली चर्चवर १७ जुलै २०२५ रोजी झालेला मारा, त्यात गेलेले तिघे, जखमी झालेले फादर गाब्रिएल रोमानेल्ली, त्यानंतरचा इस्रायलचा खेद आणि नेतान्याहूंचा पोप लिओ यांना गेलेला फोन, हे सगळं वाचून झालेलं आहे. त्याची उजळणी इथे नको. पण चर्चच्या आवारात शेकडो माणसं देवाच्या आसऱ्याला आली आणि तिथेच तोफगोळा आदळला, हे ऐकून श्रद्धावान माणूस हादरतो. आपण रोज गुडघे टेकतो ते ऐकणारं कुणी आहे की नाही, असं त्याच्या मनात येतं. त्याला गप्प करू नये. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं याच तक्रारीची आहेत.

अशा वेळी दोन पळवाटा हाताशी असतात. टीव्ही बंद करून टाकायचा, ही एक. दुसरी जास्त घातक. प्रत्येक युद्धाची बातमी घेऊन ती बायबलमधल्या कुठल्यातरी वचनाशी जुळवायची आणि शेवटचा काळ आला म्हणून सांगत सुटायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर अशा संदेशांचा पूर आहे. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात येशू नेमकं उलट सांगतो: लढायांच्या बातम्या कानी येतील, घाबरू नका, आणि ती घटका पित्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही. तरीही तारखा काढणाऱ्यांचं धाडस मला समजत नाही. शेजारी मेलेल्या माणसाचं भाकितातलं चिन्ह करून टाकलं की त्याच्यासाठी रडण्याचीही गरज उरत नाही.

इ.स. ४१० मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटलं, तेव्हाही असाच हाहाकार उडाला होता. निर्वासित समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेत आले. जुन्या देवांना सोडलंत म्हणून ही वेळ आली, असा ठपका ख्रिस्ती लोकांवर ठेवला गेला. हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी ४१३ मध्ये त्याला उत्तर लिहायला घेतलं आणि ते ४२६ पर्यंत लिहीत राहिले. तोच ग्रंथ ‘देवाचं नगर’. साम्राज्य म्हणजे देवाचं राज्य नव्हे, ते कोसळलं म्हणून देव हरत नाही, हा त्याचा गाभा. मला मात्र त्यांचे शेवटचे दिवस अधिक शिकवतात. ४३० मध्ये व्हँडलांनी हिप्पोला वेढा घातला होता आणि ऑगस्टीन तापाने अंथरुणाला खिळले होते. त्यांनी पश्चात्तापाची स्तोत्रं लिहवून घेऊन भिंतीवर लावली आणि पडल्यापडल्या ती वाचत राहिले. शहरातच त्यांनी प्राण सोडला.

पोप फ्रान्सिस यांचा फोन मला याच वाटेवरचा वाटतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटल्यापासून ते जवळपास रोज संध्याकाळी गाझातल्या या चर्चला फोन करत. फादर रोमानेल्ली त्या वेळी बेथलेहेममध्ये अडकले होते, मे २०२४ पर्यंत त्यांना परतता आलं नाही. तोवर फादर युसुफ असाद फोन घेत. आज काय जेवलात, मुलं कशी आहेत, एवढीच चौकशी. रुग्णालयातूनही पोप फ्रान्सिस यांनी फोन केले. शेवटचा फोन १९ एप्रिल २०२५ रोजी आला, त्यानंतर दोनच दिवसांनी ते गेले. या फोनने एकही बॉम्ब अडला नाही. पण दीड वर्ष आपली रोज कुणीतरी चौकशी करतं, हे तिथल्या माणसांना कळत राहिलं. श्रद्धा टिकते ती अशी, ठरल्या वेळेला, ओळखीच्या माणसासाठी काहीतरी करत राहून. जगाच्या दुःखाचा अर्थ लागेपर्यंत थांबलो, तर हातून काहीच होणार नाही.

त्याच आवारात मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या भगिनी अपंग मुलांना सांभाळतात. कोलकात्यात १९५० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं हे काम तोफांच्या आवाजातही थांबलं नाही.

आपल्याकडच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सात उपदेशानंतर जगासाठी विनवण्या होतात. ‘जगात शांती नांदो’ असं एक वाक्य म्हणून आपण पुढे सरकतो. मला हे पुरेसं वाटत नाही. २० जुलै २०२५ रोजी पोप लिओ यांनी कास्तेल गांदोल्फोत गाझातल्या तिघा मृतांची नावं उच्चारली. आपणही ठिकाणं आणि माणसं नावानिशी घ्यावीत: गाझा, युक्रेन, सुदान, आणि हो, मणिपूरसुद्धा. घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत एकच ठिकाण निवडावं आणि महिनाभर ते सोडू नये. बातम्या दिवसातून एकदाच, ठरवून, त्या ठिकाणाबद्दल वाचाव्यात. पैसे तिथे पाठवता येत असतील तर पाठवावेत. आणि मन मानत नसेल त्या दिवशी तक्रारीचं स्तोत्र उघडून तेच देवापुढे मोठ्याने वाचावं.