तुरुंग भरले, म्हणजे गुन्हेगार वाढले?

बोरिवली फास्टमध्ये, घाटकोपरच्या लग्नाच्या पंगतीत, मुलुंडला आमच्या सोसायटीच्या बैठकीत, कितीतरी वर्षं मी एकच वाक्य ऐकते आहे: ‘तुरुंग ओसंडून वाहतायत, बघा गुन्हेगार किती माजलेत!’ बोलणारी माणसं वाईट नसतात. वर्तमानपत्रात ‘क्षमतेपेक्षा जास्त कैदी’ एवढं वाचलेलं असतं आणि पुढचं मनानेच जोडलेलं असतं. पण त्या मनाने जोडलेल्या भागामुळे हजारो माणसांच्या आयुष्याची वर्षं जातात, म्हणून आता एकदा नीट हिशेब मांडते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, ३१ डिसेंबरला देशातल्या तुरुंगांत किती माणसं होती याचे आकडे प्रसिद्ध करतो. २०१२ च्या अखेरीस ती ३,८५,१३५ होती. २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० झाली. दहा वर्षांत सुमारे १ लाख ८८ हजारांची भर. ही भर कोणाची? शिक्षा झालेले कैदी २०१२ मध्ये १,२७,७८९ होते आणि २०२२ मध्ये १,३३,४१५. वाढ फक्त साडेपाच हजारांची. बाकी जवळजवळ सगळी वाढ न्यायाधीन बंद्यांची, ज्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो: २,५४,८५७ वरून ४,३४,३०२. म्हणजे वाढलेल्या दर शंभर माणसांमागे पंच्याण्णव जणांवरचा आरोप अजून सिद्ध झालेला नाही.

‘मग गुन्हेच वाढले असतील, म्हणून अटका वाढल्या.’ हेही ऐकवलं जातं. याच विभागाच्या नोंदींनुसार देशभरातले दखलपात्र गुन्हे २०१२ मध्ये सुमारे ६० लाख होते आणि २०२२ मध्ये सुमारे ५८ लाख. त्यात भारतीय दंड संहितेखालचे गुन्हे वाढले आणि विशेष व स्थानिक कायद्यांखालचे घटले, हे खरं आहे. पण एकूण बेरीज जिथल्या तिथे असताना कच्चे कैदी सत्तर टक्क्यांनी वाढतात, तेव्हा कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

ते समजायला संध्याकाळचं अंधेरी स्टेशन डोळ्यांसमोर आणा. फलाट तुडुंब भरला, म्हणजे अंधेरीची वस्ती अचानक वाढली असं आपण म्हणत नाही. ‘गाडी आलेली नाही’ हे कोणाला सांगावं लागत नाही. तुरुंगाचंही तसंच आहे. आतली संख्या किती माणसं आली यावर जेवढी ठरते, तेवढीच प्रत्येक जण किती दिवस अडकून पडला यावरही. २०१९ मध्ये देशातल्या कैद्यांपैकी ६९ टक्के कच्चे होते, २०२१ मध्ये ७७ टक्के. मधल्या काळात कोविडमुळे न्यायालयांचं काम रखडलं. खटले निघत नव्हते, अटका मात्र चालू होत्या. फलाट भरत गेला.

महाराष्ट्रात चित्र आणखी दाट आहे. २०२२ अखेर सुमारे २५ हजारांच्या जागेत ४१ हजारांच्या आसपास माणसं होती आणि त्यांतले पाचातले चार कच्चे. आर्थर रोडचा तुरुंग १९२० च्या दशकात बांधलेला. त्याची जागा वर्षानुवर्षं ८०४ जणांची धरली गेली आणि आत अनेकदा तीन हजारांहून जास्त माणसं राहिली. जिथे एकाने पाय पसरायचे, तिथे तिघा-चौघांनी कुशीवर झोपायचं. आमच्या मुलुंडच्या नाक्यापलीकडचा ठाण्याचा तुरुंग पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेल्या किल्ल्यात आहे आणि तोही असाच भरलेला असतो.

आणि गाडी अडते कुठे? मी जवळून पाहिलेली गोष्ट सांगते. आमच्याकडच्या रखवालदाराला चोरीच्या संशयावरून अटक झाली. मूळचा नांदेडकडचा, बायको आणि दोन मुलं गावी. तीन आठवड्यांत उपनगरातल्या एका न्यायालयाने जामीन मंजूर केला. आम्हाला वाटलं, सुटला. तो सुटला त्यानंतर दोन महिन्यांनी. कारण आदेश होता पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार. जामीनदार म्हणजे मुंबईचं रेशन कार्ड, राहत्या घराचा पुरावा, पगाराची पावती किंवा तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला, शिवाय पोलिसांकडून पत्त्याची पडताळणी. गावाहून भाऊ आला, सातबारा घेऊन आला. त्याला सांगितलं गेलं की मुंबईतला माणूस आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला तो सातबारा हातात धरून भाऊ न्यायालयाच्या जिन्यात बसला होता, ते मी विसरलेले नाही. जामीन मिळालेला माणूस दोन महिने तुरुंगात होता, आणि त्या दोन्ही महिन्यांत तो कुठल्यातरी आकडेवारीत ‘वाढलेला गुन्हेगार’ म्हणून मोजला गेला असणार.

याचा चीड आणणारा भाग असा, की हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच निकाली काढलेला आहे. मध्य प्रदेशातला मोतीराम हा गवंडी. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाला नाकारलं गेलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही अट चुकीची ठरवली आणि रक्कम एक हजाराच्या जातमुचलक्यावर आणली. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं: जामिनाचा आदेश ईमेलने तुरुंगात पाठवा, सात दिवसांत माणूस सुटला नाही तर विधी सेवा प्राधिकरणाला कळवा, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करावा, आणि स्थानिक जामीनदाराचा हट्ट टाळावा. पंचेचाळीस वर्षांत तेच पुन्हा सांगावं लागलं. आर्थर रोडच्या दाराशी जामिनाच्या आदेशांची पेटी आहे. संध्याकाळची पेटी उघडण्याची वेळ टळली की आणखी एक रात्र आत काढावी लागते. २०२१ मध्ये एका चित्रपट अभिनेत्याच्या मुलाच्या वेळी सगळ्या देशाने ती पेटी टीव्हीवर पाहिली. ज्याच्यासाठी कोणी धावणारं नाही, त्याचा आदेश त्या पेटीपर्यंत पोहोचायला किती दिवस लागत असतील याचा विचार करा.

सगळे कच्चे कैदी निरपराध आहेत असं मी म्हणत नाही. त्यांत खुनाचे आणि बलात्काराचे आरोपीही आहेत आणि त्यांतल्या काहींना आत ठेवणं गरजेचंच असतं. मोक्का, यूएपीए, अमली पदार्थांचा कायदा यांत तर जामीन मुळातच अवघड केलेला आहे. पण अशा खटल्यांत निकाल लवकर लागणं जास्त महत्त्वाचं, कारण आरोपी दोषी असेल तर पीडितालाही न्याय त्याच दिवशी मिळतो. देशात पाच वर्षांहून अधिक काळ खटल्याची वाट पाहणारे अकरा हजारांवर बंदी आहेत. विधी आयोगाने १९८७ मध्ये दर दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत असं सुचवलं होतं. आजची संख्या एकवीसच्या आसपास आहे. ‘आणखी तुरुंग बांधा’ म्हणणाऱ्यांना मी हाच आकडा सांगते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘जगात सगळ्यात जास्त कैदी आपल्याकडेच.’ नाही. लोकसंख्येच्या प्रमाणात आपल्याकडे एक लाखामागे चाळीसच्या आसपास माणसं तुरुंगात असतात, अमेरिकेत पाचशेहून जास्त.

‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, त्यातही दिवस-रात्र वेगळे मोजतात.’ दिवस-रात्रीची कथा पूर्ण खोटी. जन्मठेप म्हणजे उरलेलं संपूर्ण आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये गोपाळ गोडसे यांच्या खटल्यातच स्पष्ट केलं. चौदा वर्षांची अट गंभीर गुन्ह्यांतल्या माफीसाठी आहे, आणि त्यानंतरही सुटका हा हक्क नसतो.

‘कच्च्या कैद्याला मत देता येतं.’ तुरुंगात असेपर्यंत येत नाही, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानेच ते बंद केलं आहे.

‘वकील नाही म्हणजे खटला बुडाला.’ कोठडीतल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला आहे. १५१०० हा फोन त्यासाठीच आहे.

‘खटला संपेपर्यंत आतच राहावं लागतं.’ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे याआधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याच्या सुटकेसाठी अर्ज करणं तुरुंग अधीक्षकाचं कर्तव्य आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले यातून वगळले आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे जुन्या बंद्यांनाही लागू केलं. आतल्या माणसाच्या घरच्यांनी तारखा मोजाव्यात आणि अधीक्षकांना लेखी आठवण करावी.

आणि शेवटचा, जो आमच्याच इमारतीत आडवा आला: ‘जामीन राहिलो तर आपल्यावरच केस होईल.’ होत नाही. आरोपी तारखेला हजर राहिला नाही तरच जामीनदाराला ठरलेली रक्कम भरावी लागू शकते, आणि मन बदललं तर न्यायालयात अर्ज करून मोकळंही होता येतं. हे तीनदा समजावून सांगितल्यावर तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी रेशन कार्ड घेऊन न्यायालयात उभे राहिले. रखवालदार प्रत्येक तारखेला हजर असतो. खटला अजून चालू आहे. काकांना आजवर एक रुपयाही भरावा लागलेला नाही.