अवघड जागेचे दुखणे : वाढत्या वयातील त्वचाबदल ओळखताना

‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण आपण हसत ऐकतो. परंतु घरातील वयोवृद्ध पुरुषाला तसे दुखणे खरोखरच जडते, तेव्हा त्या हसण्यामागचा संकोच किती महाग पडतो हे ध्यानात येते. जननांगावर पुरळ दिसले की मनात दोनच शंका येतात : हा गुप्तरोग तर नव्हे, की कर्करोग? या भीतीपोटी माणूस गप्प बसतो आणि सहज बरे होणारे दुखणे महिनोन्‌महिने अंगावर काढतो.

भिवंडीसारख्या गावात या विषयाला आणखी एक पदर आहे. हे यंत्रमागांचे शहर. पत्र्याच्या छपराखाली, बारा-बारा तासांच्या पाळीत मागांपुढे उभे राहून ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना घाम आणि जांघेतील खाज नवीन नाही. त्यात खाडीकाठची दमट हवा आणि पावसाळ्यात न वाळणारे कपडे. अशा वातावरणात बुरशीला वाढायला आणखी काय हवे?

प्रथम निरुपद्रवी बदल पाहू. शिश्नाच्या त्वचेवर दिसणारे बारीक पिवळसर-पांढरे ठिपके या बहुधा तेलग्रंथी असतात. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ फोर्डाइस यांच्या नावाने ते ओळखले जातात. वृषणकोशावर उतारवयात गडद लाल वा जांभळे बारीक दाणे येतात; ती फुगलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांची टोके होत. १८९६ मध्ये त्यांचे वर्णन फोर्डाइस यांनीच केले. ओरखडा लागला तर त्यांतून रक्त येते आणि घरचे घाबरतात. स्वच्छ कापडाने काही मिनिटे दाबून धरले की बहुधा ते थांबते. वृषणकोशावरील टणक, पांढरट, न दुखणाऱ्या गाठीही बहुतेक वेळा साध्या असतात. यांपैकी काहीही संसर्गजन्य नाही आणि यांचा चारित्र्याशी संबंध नाही. तरीही निदानाची खात्री एकदा डॉक्टरांकडून करून घ्यावी.

दुसरा गट उपचार मागणारा आहे. जांघेत पसरत जाणारे, कडेला उठावदार असे खाजरे चट्टे म्हणजे गजकर्ण. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि जननांगावर खाजऱ्या गाठी असतील, तर ती खरूज असू शकते. तिचा उपचार घरातील सर्वांनी एकाच वेळी घ्यावा लागतो, नाहीतर ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. एखादी वेदनाशामक किंवा प्रतिजैविक गोळी घेतल्यावर दर वेळी त्याच जागी काळसर डाग किंवा फोड उठत असेल, तर ती औषधाची प्रतिक्रिया असू शकते. त्या गोळीचे नाव लिहून ठेवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

मधुमेह असलेल्यांनी अधिक सावध राहावे. लघवीतून साखर जाते, तेव्हा अग्रत्वचेखाली बुरशी सहज वाढते. लाली, पांढरा थर, कातडीला चिरा पडणे, पुढे कातडी मागे न सरणे ही तिची लक्षणे. कित्येकदा मधुमेहाचा पहिला सुगावा येथेच लागतो. म्हणून अशा वेळी रक्तशर्करा तपासावी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे हा त्रास वाढू शकतो. तसे झाल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

आता सर्वांत मोठी चूक. औषधाच्या दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ आणली जाते. तिच्यात अनेकदा बुरशीनाशकासोबत तीव्र स्टिरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते आणि औषध लागू पडले असे वाटते. प्रत्यक्षात बुरशी आत पसरत राहते आणि कातडी पातळ होत जाते. वृषणकोशाची त्वचा तर फारच शोषक. हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड ती हाताच्या त्वचेपेक्षा सुमारे ४२ पट अधिक शोषते, असे १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. भारत सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरी शेजाऱ्याने सुचवलेली ट्यूब घरी येतेच. ती वापरलेली असेल, तर डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावी, लपवू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी चार गोष्टी. रोज कोमट पाण्याने धुवावे; जंतुनाशक द्रव, डेटॉल वा खरखरीत साबण वापरू नये. जांघा टिपून कोरड्या कराव्यात, घासू नयेत. सैल सुती कपडे वापरावेत, लंगोट ओला होताच बदलावा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची अग्रत्वचा सहज मागे सरत असेल, तरच ती हळुवार मागे घेऊन धुवावी आणि लगेच पुन्हा पुढे आणावी. लघवीची नळी घालताना ती मागे राहून गेली, तर सूज येऊन रक्तपुरवठा अडतो. तशी अडकल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

काही खुणांना मात्र विलंब नको. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, वाढणारी गाठ, दुर्गंधीयुक्त स्राव, जांघेत कडक झालेल्या गाठी, किंवा पांढरी पडून आवळत जाणारी कातडी दिसल्यास तज्ज्ञांना दाखवावे. गरजेनुसार ते तुकडा काढून तपासतील. मधुमेही रुग्णाच्या वृषणकोशावर अचानक तीव्र वेदना, सूज, काळेपणा आणि ताप आल्यास सकाळची वाट पाहू नये. त्या संसर्गात काही तासही मोलाचे असतात.

विषय काढायचा कसा? ‘बाबा, आंघोळीच्या वेळी कुठे खाज, जळजळ होते का?’ एवढा साधा प्रश्न पुरतो. वडिलांना मुलापाशी बोलणे जमत नसेल, तर त्यांना डॉक्टरांजवळ काही क्षण एकटे बसू द्यावे. भिवंडीतील इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय असो वा जवळचा दवाखाना, केसपेपर काढताना ‘त्वचेचा त्रास’ एवढेच सांगितले तरी चालते. उरलेले दाराआड, डॉक्टरांना. ज्याने आयुष्यभर घर चालवले, त्याला म्हातारपणी खाज सोसत रात्र काढावी लागू नये, एवढे आपल्या हातात आहे.