एका मिनिटाचे गणित

एक सोपा प्रयोग करू या. तुम्ही शांत बसा आणि एका मिनिटात तुमची छाती किती वेळा वरखाली होते, हे मित्राला घड्याळ लावून मोजायला सांगा. उत्तर १५ ते २० च्या आसपास येईल. आता झोपलेल्या तान्ह्या बाळाचे पोट पाहा. तेथे आकडा ४०-५० च्या घरात जाईल! नवजात बाळासाठी हे नैसर्गिकच आहे.

पण तो ६० किंवा त्याहून अधिक आला तर? पुन्हा मोजा. तरीही तितकाच आला, तर न्यूमोनियाची शंका घ्यायला हवी. न्यूमोनियात फुप्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत पू व पाणी साचते. एका श्वासात रक्ताला मिळणारा ऑक्सिजन कमी पडतो. ती तूट भरून काढण्यासाठी बाळ भराभर श्वास घेऊ लागते.

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ या डोंगराळ तालुक्यांत अनेक पाड्यांपासून दवाखाना दूर असतो. तेथे ही खूण घरातच ओळखता आली, तर बाळाचा जीव वाचू शकतो.

हे कसे साधेल, याचे उत्तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत मिळाले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी तेथील १०४ गावांत अभ्यास केला. ज्या दाईंना मोठे आकडे मोजता येत नसत, त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन बनवले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी तांबडा मणी आला, की औषध सुरू! उपचार मिळालेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या निम्म्याहून कमी राहिले. हे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले.

२०११ पासून देशभरातील आशाताई नवजात बाळाची घरी जाऊन तपासणी करू लागल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ४२ दिवसांत सहा, तर घरी जन्मलेल्याकडे सात भेटी! वजन, ताप आणि श्वास, सारे त्या पाहतात.

श्वास मोजताना अर्धे मिनिट मोजून दुप्पट मात्र करू नका. बाळाचा श्वास कधी भरभर, तर कधी संथ चालतो. म्हणून पूर्ण मिनिट मोजायचे, तेही बाळ शांत असताना. आकडा वाढलेला दिसला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता मोठ्यांना सांगा आणि बाळाला लगेच दवाखान्यात न्यायला लावा.