श्रावण लागला म्हणून दारू एकदम बंद? रोज पिणाऱ्यांसाठी हे धोक्याचं का?

गटारी झाली की अनेक जण दारू एकदम बंद करतात. अधूनमधून पिणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू मात्र दारूच्या गुंगीला सरावलेला असतो. ती थांबताच तो अतिउत्तेजित होतो. ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांनी काहींना भास होतात, ताप चढतो, माणूस असंबद्ध बडबडतो. घरच्यांना ही ‘बाहेरची बाधा’ वाटते. प्रत्यक्षात ती ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ ही जीवघेणी अवस्था असते. अशा वेळी अंगारा नको, १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. रुग्णालयात लोराझेपाम, डायझेपामसारखी औषधं देऊन डोस हळूहळू कमी करतात. ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन देतात. ही औषधं मेडिकलमधून परस्पर आणू नका. आधी फिट येऊन गेली असेल तर घरच्या घरी दारू सोडूच नका. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय टोल-फ्री हेल्पलाइन: १४४४६.