न घडलेल्या अपघाताचा सत्कार

कर्मचाऱ्याच्या कामाची दखल घेऊन त्याला बक्षीस देण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी घडलेल्या गोष्टींवर, म्हणजे वाढलेल्या विक्रीवर किंवा वाचलेल्या खर्चावर, उभी असते. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात, म्हणजे एसटीत, मात्र 25 वर्षे जे घडले नाही त्याचा सत्कार होतो. विनाअपघात सेवेची 25 वर्षे पूर्ण करणाऱ्या चालकाला 25 हजार रुपये आणि सुरक्षित सेवेचा बिल्ला देण्याची, आणि हा सत्कार सपत्नीक करण्याची, तेथे पद्धत आहे.

घाटमाथ्याजवळच्या एका आगारात, म्हणजे डेपोत, ध्वजवंदनानंतर झालेल्या अशा सोहळ्यात भाषणे, हार आणि छायाचित्रे नेहमीच्याच क्रमाने उरकली गेली. लक्ष खिळत होते ते सत्कारमूर्ती चालकाच्या उजव्या पायावर, कारण खुर्चीत बसूनही तो पाय मधूनमधून जमीन दाबत होता. धुतलेल्या फरशीवरच्या फिनेलच्या वासाला पुरून उरणारा डिझेलचा वास मांडवात भरला होता आणि शेजारी बसलेल्या पत्नीची नजर मिळालेल्या साडीपेक्षा फलाटावर लागलेल्या गाडीकडे अधिक जात होती, कारण दुपारची ड्युटी रद्द झालेली नव्हती.

दिवसाला अडीचशे किलोमीटर, असे त्या चालकाने सहज सांगितले. दिवसाला अडीचशे किलोमीटर आणि वर्षाला अडीचशे दिवस धरले, तर 25 वर्षांत हा हिशेब 15 लाख किलोमीटरांच्या पुढे जातो, आणि त्यातला मोठा भाग आंबा घाटाच्या वळणांवर, पावसाळ्यातल्या धुक्यात आणि समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांत गेलेला असतो. या 15 लाख किलोमीटरांत किती वेळा ब्रेकवर पाय वेळेवर पडला याची नोंद कोठेच नसते, कारण चूक कागदावर उमटते आणि टळलेली चूक उमटत नाही. गाडीला ओरखडा आला तर खुलासा त्याच आठवड्यात मागितला जातो, शाबासकीला मात्र पाव शतक लागते.

जे मोजता येते त्याला बक्षीस लवकर मिळते. एक लिटर डिझेलवर गाडी किती किलोमीटर धावली हा आकडा, ज्याला आगारात सगळे ‘केएमपीएल’ म्हणतात, महिन्याच्या महिन्याला काढता येतो आणि इंधनबचतीचे कौतुक त्यावरच होते. उतारावर गिअर काढून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की डिझेल वाचते असा समज चालकांत जुना आहे, पण तसे केल्यास इंजिनाचा रोध सुटतो, सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होण्याचा धोका वाढतो. एका बक्षिसाची ओढ दुसऱ्या बक्षिसाच्या मुळावर येऊ शकते ती अशी.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये मांडलेल्या विचारानुसार पगार आणि कामाची परिस्थिती हे ‘स्वास्थ्यघटक’ होत, म्हणजे ते अपुरे असतील तर असंतोष वाढतो, पण पुरेसे असले म्हणून उमेद येतेच असे नाही. उमेद येते ती कामाची दखल घेतली जाण्यासारख्या गोष्टींनी. 2021 च्या दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन 2022 च्या एप्रिलपर्यंत चाललेला एसटीचा संप, ज्याची मुख्य मागणी पगार सुधारावा म्हणून महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण व्हावे ही होती, पाहिला तर यातला पहिला भाग पटतो. बिल्ल्याने पगाराची जागा घेता येत नाही, तरीही त्या चालकाने बिल्ला खिशावर दोनदा सरळ केला, हेही खरे.

मांडवामागे पिटमध्ये, म्हणजे गाडीखाली उभे राहून काम करण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात, एक मेकॅनिक हातातला पाना न ठेवता भाषण ऐकत होता. “याने ब्रेक धरून दिले नसते तर मला कसला बिल्ला?” असे चालक त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाला. परंतु चालकाच्या हाती रोज वेगळी गाडी येते आणि एका गाडीवर अनेक हात फिरतात, त्यामुळे कोणत्या वळणावर कोणाच्या हातचा ब्रेक कामी आला हे कोणत्याही नोंदवहीतून शोधता येत नाही, आणि मेकॅनिकचे नाव त्या दिवशीच्या यादीत नव्हते.