वजन आणि मायग्रेन: नक्की संबंध काय?

आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात असेल. डोकं दुखतं म्हणून डॉक्टरकडे गेलो, तर ते म्हणतात वजन कमी करा. डोक्याचा आणि वजनाचा काय संबंध? मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण कॉलेजपासून मला मायग्रेन आहे, त्यामुळे या विषयावर मिळेल ते वाचत असतो.

तर आधी एक फरक लक्षात घ्या. मायग्रेन असणं वेगळं आणि ते सारखं सारखं येणं वेगळं. मायग्रेन बऱ्याचदा घराण्यातून येतं, सडपातळ माणसांनाही होतं. वजनाचा परिणाम जास्त दिसतो तो किती वेळा दुखतं यावर. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली अमेरिकेतली एक मोठी पाहणी आहे, तीस हजारांवर लोकांची. मायग्रेन असलेल्यांपैकी महिन्यातले १० ते १५ दिवस डोकं दुखणारे लोक सामान्य वजनाच्या गटात ४.४ टक्के होते आणि अतिलठ्ठ गटात २०.७ टक्के.

असं का होत असावं? चरबी म्हणजे नुसता साठा नाही. तिच्यातून शरीरात दाह वाढवणारी द्रव्यं सुटतात. त्यात झोप बिघडते, हालचाल कमी होते. मायग्रेनचा मेंदू आधीच हळवा, त्याला एवढं निमित्त पुरतं.

म्हणून लगेच उपास सुरू करू नका! जेवण चुकवणं हेच कित्येकांना मायग्रेनचं निमित्त होतं. शिवाय २०१७ च्या एका एकत्रित विश्लेषणात लठ्ठ लोकांत मायग्रेनची शक्यता २७ टक्के जास्त दिसली, तशी फार कमी वजनाच्या लोकांतही १३ टक्के जास्त दिसली. वेळेवर जेवायचं, रोज चालायचं आणि वजन हळूहळू उतरवायचं.

दुसरं, तुमची गोळी कोणती ते बघा. मायग्रेन येऊ नये म्हणून रोज घ्यायच्या फ्लुनारिझिन, अमिट्रिप्टिलिन, व्हॅल्प्रोएट या औषधांनी वजन वाढू शकतं. टोपिरामेटने उलट कमी होतं. पण आपल्या मनाने गोळी बंद करू नका किंवा बदलू नका, डॉक्टरांना विचारा. आणि मूल होऊ द्यायचा विचार असेल तर ते आधी सांगा, कारण व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट दोन्ही गर्भाला अपाय करू शकतात.

शेवटचं, आणि हे खास करून तरुण मैत्रिणींसाठी. वजन वाढलंय, डोकं रोज दुखतंय, वाकलं की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात नाडीसारखा आवाज येतो, असं असेल तर ते मायग्रेन म्हणून सोडून देऊ नका. कवटीच्या आतला दाब वाढलेला असू शकतो आणि त्यात नजर जाऊ शकते. लगेच डॉक्टरांना गाठा, डोळ्यांचा पडदा तपासून घ्या.

चला, भेटू पुढच्या भागात. वेळेवर जेवा!