जुनी सायकल घेताना

भाताची झोडणी उरकली, चार पैसे हाती आले, की मावळातल्या घराघरांत सायकलीची गोष्ट निघते. कुणाला पहाटे दूध घेऊन कामशेत गाठायचे असते, कुणाच्या लेकीची शाळा लांब असते. नवी परवडत नसेल तर जुनी जरूर घ्या. पण रंगावर भुलू नका.

आपल्याकडचा पाऊस लोखंड खातो. पडवीत चार पावसाळे उभी राहिलेली सायकल वरून चकचकीत नि आतून पोखरलेली असू शकते. म्हणून ती सरळ उलटी करा. पायडलापाशी नळ्या जुळतात तिथे, आणि चिमटा चौकटीत शिरतो तिथे, नखाने खरवडून पाहा. तडा किंवा गंजाचे पापुद्रे दिसले, तर फुकट मिळाली तरी नको. टायर, चेन, ब्रेकची रबरे बदलता येतात. चाक डुलत असेल तर तारा ओढून घेता येतात. तडकलेल्या चौकटीला डाग देऊन मात्र भरवसा धरता येत नाही.

थंडीत दंवाने लोखंडी रिम ओली होते आणि ब्रेक उशिरा धरतो. लोणावळ्याच्या उतारावर हा उशीर जिवावर बेततो. तेव्हा रिम मुद्दाम ओली करून दोन्ही ब्रेक तपासा. द्रुतगती मार्गावर सायकलीला मनाई, जुन्या महामार्गावर मालमोटारी. धुक्यात पुढे दिवा नि मागे लाल रिफ्लेक्टर हवाच.

पोर पुढे वाढेल म्हणून उंच सायकल घेऊ नका. आज तिचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. आणि चौकटीवर ठोकलेला नंबर पावतीवर लिहून घ्या.